एकोणिसावं पान

कॉलेजात सगळे त्यांना वहीवाल्या बाई म्हणत, तेही तोंडावर, आणि बाईंना त्याचा राग येत नसे. एकतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवताना त्यांनी दर वर्षी एक लाल पुठ्ठ्याची वही केली होती. एका विद्यार्थ्याला एक पान, हजेरीच्या क्रमांकानुसार. त्यात गुण नसायचे, गुणांना वेगळं मस्टर होतं. वहीत असायचं ते बाईंच्या लक्षात राहत नसे ते सगळं. 'याला फळ्यावर बोलावू नये, हात थरथरतो.' 'आई दवाखान्यात. उशीर झाला तर विचारू नये.' 'हुशार आहे, तरी शेजारणीचं बघून लिहिते, का कोण जाणे.' तासाला जायच्या आधी बाई ती वही चाळायच्या आणि पोरांना वाटायचं, बाईंना प्रत्येकाचं सगळं आठवतं. आठवतंय कसलं? घरातून निघताना दाराला कुलूप लावलं की नाही, हेसुद्धा बाईंना फाटकापर्यंत आठवत नसे. वही मात्र स्टाफरूममधल्या कपाटात कायम कुलपात असायची आणि किल्ली बाईंच्या पर्समध्ये.

मग कॉलेजात पोर्टल आलं. हजेरी, नोट्स, चाचण्या, तपासलेले पेपर, गुण, सगळं यापुढे एकाच संकेतस्थळावर भरायचं, कागद बंद, असं परिपत्रक निघालं. ते परिपत्रक मात्र कागदावरच होतं आणि प्रत्येकाच्या सहीसाठी शिपायाच्या हातून फिरत होतं. स्टाफरूममध्ये एकच बोंब उठली. भौतिकशास्त्राच्या सरांनी निवृत्तीला किती महिने राहिले ते बोटांवर मोजलं. इतिहासाच्या सरांनी आपला पासवर्ड कपाटाच्या दारावर खडूनं लिहून ठेवला. सगळ्यात वाईट होतं ते वर्तुळ. पोर्टल उघडलं की प्रत्येक प्राध्यापकाच्या नावापुढे एक वर्तुळ दिसे, काम जितकं भरलं तितकं हिरवं, बाकी लाल, आणि ते सगळ्यांना सगळ्यांचं दिसे. पन्नाशी उलटलेली माणसं चहा पिता पिता एकमेकांच्या वर्तुळात डोकावू लागली.

बाईंची तर पाचावर धारण बसली होती, पण त्यांनी ते कोणाला कळू दिलं नाही. प्रशिक्षण देणारे संगणकाचे तरुण सर, ज्यांना आता सगळे पोर्टलवाले सर म्हणत, इतक्या भरभर बोलत की आपण मागच्या बाकावर नापास होत बसलोय असं बाईंना वाटे. म्हणून त्या हट्टाला पेटल्या. सहामाहीचे त्रेचाळीस पेपर तपासून चढवले, गुण भरले. प्रत्येकाच्या गुणांशेजारी शेऱ्याचा एक रिकामा चौकोन होता. त्याबद्दल पोर्टलवाल्या सरांनी सांगितलेलं बाईंनी टिपून घेतलं होतं. घरी टिपणवही उघडली तर पानाच्या वरच्या ओळीतच होतं: 'शेरा आपल्याशिवाय कोणालाही दिसत नाही.' बाईंना हायसं वाटलं. म्हणजे ही आपली लाल वहीच की! तीन दिवस संध्याकाळी बसून त्यांनी वहीची त्रेचाळीस पानं जशीच्या तशी त्या चौकोनांत उतरवली. वर्तुळ पूर्ण हिरवं झालं. सभेत प्राचार्य म्हणाले, "वहीवाल्या बाईंकडे बघा जरा." बाई मान खाली घालून बसल्या, पण त्यांना मूठभर मांस चढलं होतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

त्यानंतरच्या शुक्रवारी, अकरा वाजून दहा मिनिटांनी, भौतिकशास्त्राचे सर तणतणत स्टाफरूममध्ये आले.

"काय पण दिवस आलेत! काल माझ्या वर्गाचा निकाल लागला. एका पोराच्या शेऱ्यात मी लिहिलं, 'बरा.' सकाळी बापाचा फोन. बरा म्हणजे काय, नीट सांगा, म्हणतो!"

बाई हसल्या. मग ते हसू अर्ध्यावरच राहिलं.

"त्याला शेरा कसा कळला?"

"मेल जाते ना. निकाल लागला की गुण, पेपर, शेरा, सगळं मुलालाही जातं आणि पालकालाही. आपोआप."

"पण शेरा आपल्याशिवाय कोणाला दिसत नाही ना?"

"निकाल लागेपर्यंत नाही दिसत. लागल्यावर दिसणारच की. तुमचा कधी आहे?"

बाईंचा निकाल त्याच दिवशी बारा वाजता होता. परीक्षा विभागानं वेळ आधीच लावून ठेवली होती. बाईंनी पर्समधून टिपणवही काढली आणि ते पान उलटून मागचं बघितलं. तळाशी, त्यांच्याच वळणदार अक्षरात, लिहिलेलं होतं: 'निकाल जाहीर होईपर्यंत'. वाक्य तिथे सुरू झालं होतं. बाई पुढच्या पानावरचं तेवढं वाचून खूश झाल्या होत्या.

पहिल्यांदा डोळ्यांपुढे आली ती लाज. त्रेचाळीस घरांत त्रेचाळीस पानं. शेजारणीचं बघून लिहिणारी. तोंडाला वास येतो म्हणून ज्याच्या जवळ उभं राहायचं नाही असं लिहिलं होतं तो. आणि मग, एकदम, एकोणीस नंबर.

एकोणिसाव्या पानावर लिहिलं होतं: 'आई आणि ही वडिलांपासून लपून मावशीकडे राहतात. पाण्याच्या टाकीमागची पिवळी इमारत, दुसरा मजला, जिन्याजवळचं दार. चुकलेल्या तासांच्या नोट्स तिथे पोचवायच्या. वडील चौकशीला आले तर काही सांगायचं नाही. मानेवरच्या डागाबद्दल विचारू नये.'

प्रयोगशाळा रिकामी झाल्यावर, नळाखाली काचेची नळी विसळता विसळता, मान वर न करता त्या मुलीनं हे सांगितलं होतं. बाई विसरू नयेत म्हणून तिच्यासमोरच बाईंनी ते वहीत लिहिलं होतं. कॉलेजच्या कागदांवरचा पालक बदलावा म्हणून तिच्या आईनं दिलेला अर्ज घेऊन बाई स्वतः ऑफिसच्या खिडकीशी गेल्या होत्या. आता त्यांनी पोर्टल उघडून एकोणीस नंबर काढला. पालक: वडील. खाली वडिलांचा मेल आयडी. अर्ज कुठल्या तरी फाइलीत पडलेला असणार. पोर्टलनं प्रवेशाच्या वेळचा जुना फॉर्म उचलला होता.

शेरा पुसायला गेल्या तर चौकोन बंद. गुण सादर झाल्यावर बदल करता येत नाही, असं पोर्टल म्हणालं. बाईंनी कुठेतरी भलतंच दाबलं आणि पोर्टलनं त्यांना बाहेर काढलं. पासवर्ड चुकला. पुन्हा चुकला. तिसऱ्यांदा चुकल्यावर अर्धा तास थांबा, असा निरोप आला. भौतिकशास्त्राचे सर दोन हातांवर चहा पीत बसले होते. त्यांना हाक मारून सांगितलं असतं तर ते पळाले असते, माणूस वाईट नव्हता. पण एवढं हिरवं वर्तुळ मिरवल्यावर कोणत्या तोंडानं सांगायचं?

साडेअकराला त्या संगणकाच्या प्रयोगशाळेत पोचल्या. पोर्टलवाले सर तास घेत होते. बाईंनी त्यांना बाहेर बोलावून सांगितलं, आणि सरांनी आपल्या खात्यातून एकोणिसावा शेरा उघडला. वाचता वाचता त्यांची भरभर बोलायची सवय कुठल्या कुठे गेली.

"बाई, निकालाची वेळ लावली की शेरा, पालक, मलाही काही बदलता येत नाही. निकाल थांबवायचा तर प्राचार्यांचीच मंजुरी लागते. त्यांच्या फोनवर आकडा येतो, तो मला हवा. पण ते सभागृहात आहेत, तपासणी समितीबरोबर."

"मी जाते."

"पळा. मी इथे सगळं तयार ठेवतो."

सभागृहाच्या दाराशी शिपायानं त्यांना दहा मिनिटं थोपवलं. शेवटी त्या त्याला बाजूला सारून आत गेल्या. लांब टेबलाभोवती पाच पाहुणे बसलेले, भिंतीवर मोठ्या पडद्यावर वर्तुळंच वर्तुळं, आणि मधोमध बाईंचं.

"या, या!" प्राचार्य म्हणाले. "ह्याच त्या. वय बघू नका, काम बघा." पाहुणे कौतुकानं हसले.

"सर, माझ्या निकालात... एक लहानशी दुरुस्ती होती."

"लहानशीच ना? मग सोमवारी बघू."

आणि तुमचा विश्वास बसणार नाही, बाई "बरं" म्हणून बाहेर आल्या. एकतीस वर्षं चारचौघांत ताठ मानेनं वावरलेल्या बाईला पाच अनोळखी माणसांपुढे स्वतःला मूर्ख म्हणवेना. जिन्याच्या कठड्याला धरून त्या उभ्या राहिल्या. सभागृहाबाहेरच्या घड्याळाचा मोठा काटा त्यांच्या डोळ्यांदेखत तीन घरं पुढे सरकला. त्या तीन मिनिटांचा हिशेब बाई पुढे जन्मभर करणार होत्या.

मग त्या पुन्हा आत गेल्या, आणि या वेळी बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "सर, मी एका मुलीचा पत्ता शेऱ्यात लिहिलाय. तिच्या वडिलांपासून ती जीव मुठीत धरून लपलीय. बारा वाजता तो त्यांना मेलनं जाणार आहे. चूक माझी आहे. आत्ता मंजुरी द्या."

प्राचार्यांचा चेहरा खर्रकन उतरला, पण त्यांनी फोन काढला. आकडा येईपर्यंत बारा वाजायला दोन मिनिटं होती. बाईंनी तो तळहातावर लिहून घेतला आणि साडीचा घोळ मुठीत धरून, आपल्याला गुडघे आहेत हे विसरून, त्या धावल्या.

पोर्टलवाल्या सरांनी आकडा भरला. पडद्यावर काहीतरी गोल गोल फिरत राहिलं. बारा वाजले. कोपऱ्यात एक आकडा उमटला, पाठवलेले निकाल: तीन. मग सात. मग बारा. सर तोंडानं "थांब, थांब" म्हणत होते, समोर उधळलेली म्हैस असावी तसं. सोळा. एकवीस. चोवीस. तिथे तो थांबला.

"थांबलं!" सर म्हणाले. पण हजेरीच्या क्रमानं जाणाऱ्या निकालांत एकोणीस नंबर केव्हाच गेला होता.

तीन मिनिटं आधी थांबलं असतं.

"पालकाचा मेल आयडी आत्ताच्या आत्ता काढून टाका," बाई म्हणाल्या. "आणि मला माझा पासवर्ड द्या." का मागितला ते त्यांनाही सांगता आलं नसतं. हाती काहीतरी असावं एवढंच.

मुलीचा नवा नंबर पोर्टलवर नव्हता, बाईंच्या फोनमध्ये होता. कुलपावरही आता विश्वास उरला नव्हता, म्हणून बाईंनी कपाटातून लाल वही काढून पर्समध्ये कोंबली आणि फोन लावत लावत रस्ता धरला. फोन बंद. वडील तासाभराच्या अंतरावर राहतात, एवढं त्यांना मुलीकडूनच कळलेलं. त्यांनी मेल बघितली नसेल. संध्याकाळी बघतील. नाही, आता बघत असतील. टाकीपर्यंतचा पंधरा मिनिटांचा रस्ता बाईंनी या दोन वाक्यांत काढला. मागून एखादी मोटारसायकल आली की त्या भिंतीला चिकटून उभ्या राहत.

जिन्याजवळचं दार साखळीपुरतं उघडलं. फटीत आईचा चेहरा.

"बाई? तुम्ही?"

"त्यांना पत्ता कळलाय. माझ्यामुळे."

आईचं रडणं नाही, ओरडणं नाही, तिनं एवढंच विचारलं, "किती वाजता?"

"बारा."

आईनं घड्याळ बघितलं. बारा पंचवीस. मग तिनं दारामागून एक भरलेली बॅग ओढली. ती आधीपासूनच भरलेली होती. मुलगी आतून आली, हातातली ओली ओढणी दोरीवर टाकायला निघालेली, ती तशीच खुर्चीवर ठेवली. बाईंनी सगळं सांगितलं, पोर्टल, शेरा, टिपणवहीचं मागचं पान. मुलगी ऐकत ऐकत चप्पल घालत होती.

"आई म्हणाली होती, पत्ता कोणालाच सांगू नकोस," ती म्हणाली. "मी म्हटलं, बाई वहीत लिहितात आणि वही कुलपात असते."

तिच्या आवाजात राग नव्हता. प्रयोगात कुठे चुकलं ते सांगावं तसं ती बोलली. राग असता तर बाईंना सोसला असता.

"बस सव्वादोनला आहे," आई म्हणाली. "त्याच्या आधी नाही. स्टँडवरच बसून राहावं लागेल." ती थांबली. "इथे दार बंद दिसलं तर तो तडक स्टँडवरच येईल. मागच्या वेळी तिथूनच ओढत नेलं होतं."

मावशी कामावर होती, तीनला येणार होती. किल्ली तिच्याकडे द्यायची होती.

"किल्ली मी देते," बाई म्हणाल्या. "मी थांबते इथे. तुम्ही निघा."

आईनं त्यांच्याकडे असं बघितलं, जणू या बाईंना आपण काय बोलतोय ते कळतंय की नाही हे तपासत होती. मग किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. मुलगी दारात वळली.

"बाई, आम्ही आता तिकडे..."

"मला सांगू नकोस."

"पण जर्नल? परीक्षेला..."

"जर्नल माझ्याकडे राहू दे. तू मला काही सांगू नकोस. अजिबात नको."

त्या दोघी गेल्या आणि बाई परक्या घरात एकट्या उरल्या. एक खोली, आत स्वयंपाकघर, दोन खुर्च्या. दार लावून चिडीचूप बसावं, असं एकदा मनात आलं. पण आईचे शब्द कानात होते. बाईंनी पर्स मांडीवर घेतली आणि घड्याळाकडे तोंड करून बसल्या. सहामाहीच्या सुपरव्हिजनला तीन तास उभं राहून पाय दुखतात म्हणून कुरकुरणाऱ्या बाईंना तो एक तास संपता संपेना.

एक पंचवीसला खाली मोटारसायकल थांबली. पावलं सावकाश वर आली. दारावर दोनच टकटक, अगदी सभ्य.

बाईंनी दार उघडलं. समोर इस्त्रीचा शर्ट घातलेला, व्यवस्थित भांग पाडलेला माणूस. त्यानं बूट काढून उंबऱ्याबाहेर एकाला एक लावून ठेवले, मग एक जरासा तिरका दिसला म्हणून वाकून सरळ केला.

"तुम्ही मुलीच्या बाई ना? तुमची मेल मिळाली. इतकं बारीक लक्ष हल्ली कोण देतं, मॅडम? आभार मानावेत म्हटलं."

आवाज मऊ होता. त्याची नजर त्यांच्या खांद्यावरून आत गेली, खुर्चीवरच्या ओल्या ओढणीवर थांबली.

"कुठे आहेत दोघी?"

"येतील," बाई म्हणाल्या. "बाजारात गेल्यात. तुम्ही बसा."

ते 'बसा' त्यांच्या तोंडून वर्गातल्या आवाजात निघालं. एकतीस वर्षं शेवटच्या बाकापर्यंत पोचलेला आवाज तो. माणूस चमकला आणि बसला. शाळेत तोही कधीतरी गेला असणारच.

"निकालासाठी आलात ना? मग निकाल समजून घ्या," बाई म्हणाल्या. त्यांनी फोन काढला. पोर्टल उघडलं. नवा पासवर्ड पहिल्याच झटक्यात लागला. मुलीचा तपासलेला पेपर पडद्यावर आला, तिच्या बारीक अक्षरातला, आणि त्या पोर्टलचा आयुष्यात पहिल्यांदाच बाईंना आधार वाटला. "पन्नासपैकी एकेचाळीस. नऊ कुठे गेले, ते बघू. प्रश्न पहिला."

आणि बाईंनी तास घेतला.

आम्ल म्हणजे काय इथपासून सुरुवात केली. नळीतून थेंब थेंब सोडताना रंग कधी बदलतो, तो बदलला की लगेच हात का थांबवायचा, मुलीनं एक थेंब जास्त का सोडला असावा. फोन त्याच्या पुढ्यात धरला होता, तो थरथरू नये म्हणून कोपर मांडीवर रोवलं होतं. मधूनमधून तो आतल्या दाराकडे बघे. तेव्हा बाई विचारत, "समजलं ना? मग सांगा, इथे एक गुण का कापला?" आणि तो, सभ्य बाप दिसायची हौस असलेला माणूस, उत्तर द्यायला बघे. एकदा तर त्यानं बरोबर उत्तर दिलं. बाईंच्या तोंडून सवयीनं "शाब्बास" निघालं आणि त्यांना स्वतःचीच शिसारी आली.

"एक थेंब जास्त म्हणजे चूकच," तो म्हणाला. "घरी मी हेच सांगतो. माणसानं अचूक असावं."

बाईंनी त्याच्या हातांकडे बघायचं टाळलं. प्रश्न तिसरा. प्रश्न चौथा. दोन वाजले. दोन पाच. बाईंचा तास आजवर घंटेच्या पुढे कधी गेला नव्हता. आता घंटाच नव्हती. प्रश्न पाचव्याचा दुसरा भाग त्यांनी दोनदा शिकवला.

दोन वाजून बारा मिनिटांनी तो मधेच उठला. तडक आत गेला. बाईंना कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला, मग बराच वेळ कसलाच नाही. तो परत आला तेव्हा त्याच्या हातात एक रिकामा हँगर होता.

"बाजारात जाताना कपडे घेऊन जातात का, मॅडम?"

बाईंनी फोन बंद करून पर्समध्ये टाकला.

"कुठे गेल्या?"

"मला माहीत नाही."

"तुम्हाला माहीत नाही?" तो जवळ आला, इतका की त्याच्या शर्टाच्या इस्त्रीचा वास आला. "तुम्ही तर सगळं लिहून ठेवता." त्यानं पर्समधून डोकावणारी लाल वही हलकेच ओढून घेतली. पानं उलटत एकोणिसाव्यावर आला. तेच चार-पाच ओळींचं, त्याच्या मेलमध्ये होतं तेवढंच. पान उलटून मागची बाजू बघितली. कोरी.

"मला खरंच माहीत नाही," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे त्याच्या डोळ्यांवरून हलले नाहीत, कारण ते खरं होतं. "ती सांगत होती. मी सांगू दिलं नाही."

त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. दोन एकोणीस. काय झालं ते त्याच्या हळूहळू ध्यानात आलं आणि तो चक्क हसला. वही त्यानं खुर्चीवर ठेवली, कडेला कड लावून.

"चांगलं शिकवता तुम्ही," तो म्हणाला. दाराबाहेर बसून शांतपणे बुटांच्या नाड्या बांधल्या. "पुढच्या निकालाची वाट बघतो, मॅडम."

मोटारसायकल स्टँडच्या दिशेनं गेली. बस वेळेवर सुटली होती की नाही, हे बाईंना तेव्हा कळलं नाही आणि पुढेही कळलं नाही. तीनला मावशी आली, सगळं ऐकून घेतलं, किल्ली घेतली आणि एक अक्षर न बोलता दार लावून घेतलं. बाईंना त्याचं वाईट वाटलं नाही. यापुढे त्यांनाही कोणी काही सांगू नये, हेच बरं होतं.

सोमवारी प्राचार्यांनी लेखी खुलासा मागितला. बाईंनी दोन ओळींत दिला. चोवीस जणांना शेरे पोचले होते. शेजारणीचं बघून लिहिणारीनं बाईंना बघून तोंड फिरवलं. हात थरथरणारा मुलगा मात्र तास संपल्यावर मागे रेंगाळला. "बाई, म्हणून तुम्ही मला कधी फळ्यावर बोलावलं नाही?" एवढंच विचारून गेला.

मग त्यांनी हजेरी भरायला पोर्टल उघडलं. आधी एकोणीस नंबरचा पालकाचा रकाना बघितला. रिकामा होता. बंद करून पुन्हा उघडला, पुन्हा बघितला. बाहेर रस्त्यावर मोटारसायकलचा आवाज आला तेव्हा उठून खिडकी लावली. एकोणीस नंबरपुढे 'गैरहजर' केलं तसा खाली एक चौकोन उघडला: कारण लिहा. बाईंनी तो रिकामा सोडून पुढे जायचा प्रयत्न केला. चौकोनाची कड लाल झाली. हा रकाना भरणे आवश्यक आहे, असं पोर्टल म्हणालं, आणि बाईंच्या नावापुढचं वर्तुळही कणभर लाल झालं.

बाईंनी त्यात एक टिंब टाकलं. पोर्टलनं ते घेतलं आणि वर्तुळ पुन्हा हिरवं झालं.